सव्हाना कशी पाहावी: आई-बाबा, मुलं आणि बावीस चौक

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेत आलेल्या आई-बाबांना नायगारा दाखवून झाला, वॉशिंग्टन झालं, देवळात दोन रविवार गेले, की घरात प्रश्न उभा राहतो: आता कुठे न्यायचं? गाडीने जाता यावं, फार चढउतार नसावा, नातवंडांनी कुरकुर करू नये आणि आजोबांना वाचायला-विचारायला काहीतरी मिळावं, अशी जागा हवी असते. अटलांटा, शार्लट किंवा जॅक्सनव्हिलच्या आसपास राहत असाल तर ती जागा सव्हाना. अटलांटा-शार्लटहून साधारण चार तास, जॅक्सनव्हिलहून त्याहून बरीच जवळ.

जॉर्जिया राज्यातलं हे सगळ्यात जुनं शहर. जेम्स ओगलथॉर्प या इंग्रज सेनानीने १२ फेब्रुवारी १७३३ रोजी सव्हाना नदीच्या उंच काठावर ते वसवलं, आणि वसवतानाच त्याची आखणी पक्की केली. मधोमध मोकळा चौक, त्याच्या उत्तरेला आणि दक्षिणेला घरांच्या रांगा, पूर्व-पश्चिमेला चर्च किंवा सार्वजनिक इमारतींची जागा. शहर वाढलं तशी तीच आखणी पुन्हा पुन्हा गिरवली गेली. असे २४ चौक झाले, त्यातले २२ आज शाबूत आहेत. हे चौक गाड्यांच्या वर्दळीचे नाहीत. प्रत्येकात मोठाली ओक झाडं, बाकं आणि बहुतेक ठिकाणी एखादा पुतळा. त्या १७३३ च्या आखणीचा फायदा आज तुमच्या आईच्या गुडघ्यांना होतो, कारण दोन-तीन मिनिटं चाललं की सावली आणि बसायला जागा हमखास मिळते.

म्हणून ‘बघण्याच्या गोष्टीं’ची यादी करून ती संपवत सुटू नका. चौकांच्या हिशोबाने दिवस आखा. दोन मुक्काम पुरतात.

पहिली पायरी: महिना ठरवा

मार्चचा शेवट ते एप्रिल हा सगळ्यात चांगला काळ. अझेलिया फुललेल्या असतात आणि हवा सुखाची असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरही छान. मात्र १७ मार्चच्या आसपास चुकूनही जाऊ नका. सेंट पॅट्रिक्स डेची इथली मिरवणूक देशातल्या मोठ्या मिरवणुकांपैकी एक आहे. हॉटेलांचे भाव गगनाला भिडतात आणि रस्त्यावर हिरवे कपडे घातलेल्या पिणाऱ्यांची जत्रा असते.

अडचण अशी, की आई-बाबा बहुधा मे ते ऑगस्टमध्येच येतात. जुलैत पारा ३३ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, दमटपणा मुंबईच्या मे महिन्याची आठवण करून देणारा, आणि दुपारी गडगडाटी सर येऊ शकते. म्हणजे बेत रद्द करायचा असं नाही. सकाळी आठ ते अकरा बाहेर, दुपारी छपराखाली, संध्याकाळी पुन्हा बाहेर, एवढा नियम पाळला की निभतं. वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो, तेव्हा रद्द करता येणारं बुकिंगच घ्या. वसंतात आणि शरदात पाण्याजवळ बारीक चिलटं चावतात, त्यांच्यासाठी मलम जवळ असू द्या.

दुसरी पायरी: मुक्काम शहरात घ्या

महामार्गालगतच्या पूलर गावात स्वस्त हॉटेलं रांगेने आहेत आणि हिशोबी मराठी मन तिकडे ओढलं जातं. तरीही माझं मत: दोनपैकी निदान एक रात्र जुन्या शहरात, हिस्टॉरिक डिस्ट्रिक्टमध्ये काढा. कारण दुपारची झोप. उन्हात थकलेल्या बाबांना पाच मिनिटांत खोलीत नेता आलं तर संध्याकाळ हाती लागते. पूलरला नेलं तर परत कोणी बाहेर पडत नाही. खोलीचं भाडं बघताना पार्किंगचे पैसे वेगळे लागतात का, ते विचारून घ्या. शहरातल्या हॉटेलांत ते बहुधा लागतात आणि कमी नसतात.

गाडी एकदा लावली की दिवसभर हलवू नका. चौकांभोवतीच्या रस्त्यांवर गाड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, बरेच रस्ते एकेरी आहेत आणि नवख्याचा जीव मेटाकुटीला येतो. एलिस स्क्वेअरच्या खाली मोठं भूमिगत पार्किंग आहे. वर स्वच्छतागृह आहे, आणि जमिनीतून उडणारी कारंजी आहेत. मुलं त्यात शिरणारच, तेव्हा कपड्यांचा एक जोड पिशवीत टाका.

या एलिस स्क्वेअरची हकीकत आजोबांना सांगण्यासारखी आहे. इथे जुनी बाजारपेठ होती. १९५४ मध्ये ती पाडून बहुमजली पार्किंग उभारलं. पुढच्याच वर्षी तसाच घाव डॅव्हनपोर्ट हाउस या जुन्या घरावर पडणार होता, तेव्हा सात बायका एकत्र आल्या, पैसे जमवून त्यांनी ते घर विकत घेतलं आणि हिस्टॉरिक सव्हाना फाउंडेशन सुरू झालं. आज तुम्ही जे जुनं शहर बघायला जाता ते बरंचसं या चळवळीमुळे उरलं. पार्किंगची ती इमारतही अखेर पाडली, गाड्या जमिनीखाली गेल्या आणि २०१० मध्ये चौक परत खुला झाला.

तिसरी पायरी: वाटेतले थांबे

अटलांटाहून मेकन शहरापर्यंत आय-७५ हा महामार्ग आणि तिथून थेट सव्हानापर्यंत आय-१६. मेकननंतरचे सुमारे १६५ मैल सरळसोट, दोन्ही बाजूंना पाइनची झाडं आणि मध्ये विशेष काही नाही. म्हणून पाय मोकळे करायचे ते मेकनलाच. तिथे ओकमल्गी माउंड्स हे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे, प्रवेश फुकट. सुमारे हजार वर्षांपूर्वी मूळ रहिवाशांनी टोपल्यांनी माती वाहून उभारलेले टेकाडासारखे उंचवटे आहेत. मुलांना चढायला पायऱ्या, मोठ्यांना अमेरिकेचा इतिहास कोलंबसापासून सुरू होत नाही याचा पुरावा.

आय-१६ पुढे विडेलिया गावाच्या जवळून जातो. इथला गोड कांदा प्रसिद्ध आहे, आणि ठरावीक काउंट्यांत पिकलेल्या कांद्यालाच विडेलिया म्हणायची कायद्याने मुभा आहे. एप्रिलपासून उन्हाळ्यात मिळतो. परतीच्या वाटेवर एक पिशवी घ्या. कच्चा खाताना डोळ्यांतून पाणी येत नाही, ही आईची तक्रार असू शकते.

चौथी पायरी: पहिली सकाळ, बुल स्ट्रीट

नदीकाठच्या सोनेरी घुमटाच्या सिटी हॉलपासून दक्षिणेला फोर्साइथ पार्कपर्यंत बुल स्ट्रीट सरळ जाते. अंतर सुमारे दीड किलोमीटर, आणि वाटेत पाच चौक. हाच सव्हानाचा कणा. न थांबता चाललात तर वीस-पंचवीस मिनिटं. तुम्ही दोन तास धरा.

पहिला जॉन्सन स्क्वेअर, शहराचा सगळ्यात जुना चौक. इथे पाच मिनिटं पुरे.

दुसऱ्या राइट स्क्वेअरमध्ये मात्र बसा. मधोमध रेल्वे कंपनीचे संस्थापक विल्यम गॉर्डन यांचं भव्य स्मारक दिसेल आणि एका कोपऱ्यात ग्रॅनाइटचा ओबडधोबड खडक. तो खडक टोमोचिचीचा. इंग्रज आले तेव्हा या काठावर यामाक्रॉ लोकांची वस्ती होती आणि टोमोचिची त्यांचा प्रमुख. त्याने ओगलथॉर्पला जागा दिली, मैत्री केली, लंडनपर्यंत जाऊन आला. १७३९ मध्ये तो वारला तेव्हा त्याला या चौकात सन्मानाने पुरलं. पुढे १८८३ मध्ये त्याच ठिकाणी गॉर्डन यांचं स्मारक चढलं. हे बरं झालं नाही असं वाटून गॉर्डन यांच्याच सुनेने, नेली गॉर्डनने, पुढाकार घेतला आणि १८९९ मध्ये हा खडक बसवला गेला.

पुढचा दुवा तुमच्या मुलीला आवडेल. नेलीची मुलगी ज्युलिएट गॉर्डन लो. तिने १२ मार्च १९१२ रोजी सव्हानातच अमेरिकेतल्या गर्ल स्काउट्सची, म्हणजे मुलींच्या स्काउट संघटनेची, सुरुवात केली. तिचं जन्मघर याच रस्त्यावर, पुढच्या चौकाच्या अलीकडे आहे. घरात एखादी कुकी विकणारी गर्ल स्काउट असेल तर ती तिथून हलणार नाही. आत जायचं असेल तर घर खुलं असल्याची खात्री आधी करून घ्या. फोटो बाहेरूनही छान येतो.

चिपेवा स्क्वेअरमध्ये ओगलथॉर्पचा कांस्य पुतळा दक्षिणेकडे तोंड करून उभा आहे, कारण दक्षिणेला फ्लोरिडात त्याचे शत्रू स्पॅनिश होते. मुलांना कंपास काढून दिशा तपासायला सांगा. इथे हमखास कुणीतरी ‘फॉरेस्ट गम्प’ या गाजलेल्या चित्रपटातला बाक शोधत असतं. तो बाक चौकात नाही. चित्रीकरणासाठी ठेवला होता आणि आता शहराच्या इतिहास-संग्रहालयात आहे.

मॅडिसन स्क्वेअरच्या कडेला ग्रीन-मेल्ड्रिम हाउस आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, डिसेंबर १८६४ मध्ये, उत्तरेकडच्या राज्यांचा सेनापती शर्मन अटलांटा जाळून, वाटेतली रसद आणि रेल्वे उद्ध्वस्त करत इथे पोहोचला. सव्हाना मात्र त्याने जाळली नाही. उलट लिंकनला तार केली, की हे शहर, दीडशे तोफा आणि सुमारे पंचवीस हजार गासड्या कापूस नाताळची भेट म्हणून सादर करतो. अटलांटात इतकी जुनी घरं का दिसत नाहीत आणि इथे रस्तेच्या रस्ते का दिसतात, याचं बरंचसं उत्तर इथे मिळतं. याच घरात १२ जानेवारी १८६५ रोजी शर्मनने वीस कृष्णवर्णीय धर्मगुरूंना बोलावून विचारलं, तुमच्या लोकांना काय हवं? जमीन हवी, असं उत्तर आलं. चार दिवसांत हुकूम निघाला: किनाऱ्यालगतची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना, प्रत्येकी ४० एकरांपर्यंत. लिंकनची हत्या झाली आणि नव्या अध्यक्षाने त्याच वर्षी ती जमीन परत मूळ मालकांच्या घशात घातली. आजोबा कूळकायद्याच्या काळातले असतील तर इथला बाक अर्ध्या तासासाठी धरून ठेवा.

माँटेरे स्क्वेअर, मग फोर्साइथ पार्क. तीस एकरांचा बाग, १८५८ चं पांढरं कारंजं, मुलांना खेळायची जागा आणि स्वच्छतागृह. झाडांवरून लोंबणाऱ्या करड्या जटांना स्पॅनिश मॉस म्हणतात, पण ते शेवाळ नाही. अननसाच्या कुळातली वनस्पती आहे. जमिनीवर पडलेल्या जटा मुलांना डोक्यावर घेऊ देऊ नका, त्यांत चावरे किडे असतात.

परत चालवत नसेल तर शहराची डॉट ही फुकट बस बघा. तिकीट काढून चढा-उतरायची ट्रॉली आई-बाबांच्या गुडघ्यांसाठी एका दिवसापुरती ठीक. रात्रीच्या भुताटकीच्या टूर मी सुचवणार नाही: लहान मुलं रात्री झोपत नाहीत, आणि खऱ्या माणसांच्या मरणाची करमणूक होते ती वेगळीच.

पाचवी पायरी: दुपारी एकच घर, पण नीट

सव्हानात तिकीट काढून बघायची जुनी घरं अनेक आहेत आणि तिसऱ्या घराच्या झुंबरापर्यंत सगळ्यांचे डोळे मिटू लागतात. एकच निवडा: ओवेन्स-थॉमस हाउस. १८१९ मध्ये पूर्ण झालेलं, विल्यम जे या तरुण इंग्रज वास्तुरचनाकाराचं काम. त्या काळात घरात नळाचं पाणी होतं, वरच्या मजल्यावर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला चक्क पूल आहे. पण हे घर निवडायचं कारण दुसरं. इथे मालकांच्या दिवाणखान्याबरोबर मागच्या अंगणातल्या गुलामांच्या खोल्याही दाखवतात, आणि कोणाच्या कष्टावर हा थाट चालायचा ते स्पष्ट सांगतात. त्या खोल्यांच्या छताला निळा रंग अजून टिकून आहे. वाईट शक्ती दूर ठेवायला आफ्रिकी वंशाचे लोक तो लावत. आपल्याकडे दाराला लिंबू-मिरची बांधतात त्याच भावनेने.

आठ-नऊ वर्षांच्या पुढच्या मुलांशी आदल्या रात्रीच बोलून ठेवा. जॉर्जियात सुरुवातीला गुलामगिरीवर बंदी होती. १७५१ मध्ये ती उठली. किनाऱ्यावरची भातशेती आणि नंतरचा कापूस गुलामांच्या श्रमावर उभा राहिला. मार्च १८५९ मध्ये शहराबाहेरच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दोन दिवसांत चारशेहून जास्त माणसं लिलावात विकली गेली. हे सगळं टाळूनही सव्हाना दाखवता येते, बग्गीवाले अनेकदा तशीच दाखवतात. पण मग मुलांच्या लक्षात फक्त सुंदर खिडक्या राहतील.

ज्यांना पुढे जायचं असेल त्यांनी फ्रँकलिन स्क्वेअरमधल्या फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्चची टूर घ्यावी. आजची इमारत १८५९ ची, गुलामांनी दिवसभराच्या कामानंतर बांधलेली. तळघराच्या लाकडी जमिनीत नक्षीसारखी भोकं आहेत. पळून आलेल्यांना खाली लपवलं जाई तेव्हा ती हवेसाठी होती, असं इथली परंपरा सांगते.

ओवेन्स-थॉमसचं तिकीट वेळेनुसार मिळतं, आधी काढा. त्याच तिकिटावर टेलफेअर अकॅडमी आणि जेप्सन सेंटर ही दोन कलादालनं बघता येतात. जेप्सनमध्ये मुलांचा वेगळा विभाग आहे आणि एसी उत्तम आहे. जुलैत दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची.

सहावी पायरी: जेवणाचं आधी विचारा

शाकाहारी कुटुंबांची इथे फसगत होते ती भाज्यांच्या यादीमुळे. कॉलर्ड ग्रीन्स, बीन्स, चवळी, रेड राइस: नावं सगळी निरुपद्रवी. प्रत्यक्षात पालेभाजी आणि शेंगा डुकराच्या हाडाबरोबर शिजवलेल्या असतात, रेड राइसमध्ये सॉसेज किंवा बेकन असतं, इथे बिस्किट म्हणतात त्या मऊ पावांवरच्या ग्रेव्हीतही सॉसेज. ‘मीट आहे का’ एवढं विचारून भागत नाही. ‘हॅम हॉक, बेकन ग्रीज किंवा चिकन स्टॉक घातलाय का’ असं नाव घेऊन विचारा.

खाण्यासारखं पुष्कळ आहे. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या, चीज घालून मऊ शिजवलेल्या. तळलेले हिरवे टोमॅटो, कॉर्नब्रेड, मॅक अँड चीज, तळलेली भेंडी. भेंडी आणि चवळी या स्वयंपाकात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांबरोबर आल्या. वाटेवरच्या टपऱ्यांवर भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा मिळतात, मिठाच्या पाण्यात तासन्‌तास शिजवलेल्या. बाबांना वेगळं काही सांगावं लागणार नाही.

ब्रॉटन स्ट्रीटवरचं लिओपोल्ड्सचं आइस्क्रीम १९१९ पासूनचं आहे. संध्याकाळी रांग फुटपाथभर जाते, म्हणून दुकान उघडल्या उघडल्या जा.

सातवी पायरी: संध्याकाळ नदीवर

शहर उंचावर, रिव्हर स्ट्रीट खाली. मधल्या दगडी पायऱ्या उंच आणि उंचसखल आहेत. गुडघेदुखीवाल्यांनी सिटी हॉलच्या शेजारची लिफ्ट विचारून घ्यावी. खाली फरसबंदीचे दगड गोलसर आहेत. जहाजांना वजन म्हणून युरोपातून आले आणि इथेच उतरवले गेले. बाबागाडी आणि व्हीलचेअर त्यांवर चालत नाही, तेव्हा पाण्यालगतच्या सपाट पदपथावरूनच चाला.

इथे दोन गोष्टी मुलांना खिळवतात. एक, वरच्या बंदराकडे जाणारी अजस्र कंटेनर जहाजं, रस्त्यापासून इतक्या जवळून की मान वर करावी लागते. दुसरी, सव्हाना बेल्स फेरी. नदीपलीकडच्या बेटावर जाऊन येणारी ही बोट फुकट आहे. उतरलं नाही तरी चालतं, फेरी मारून या. सूर्यास्ताच्या वेळी शहर नदीवरून बघणं हे इथलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगलं तिकीट.

काठावरच्या उंच इमारती कापूस दलालांच्या, आणि वर बे स्ट्रीटवर १८८०च्या दशकातलं लाल विटांचं कॉटन एक्स्चेंज. मुंबईकरांनी इथे थोडं थांबावं. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना इथला कापूस मिळेनासा झाला. ती गरज बरीचशी मुंबई बंदराने भागवली. भाव कडाडले, मुंबईत पैशाचा पूर आला, रोज नव्या कंपन्या निघाल्या. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि बाजार कोसळला. इथल्या गोद्या ओस पडल्या म्हणून तिथल्या भरल्या.

शुक्रवार-शनिवारी रात्री नऊनंतर रिव्हर स्ट्रीट कुटुंबाची राहत नाही. जुन्या शहरात प्लास्टिकच्या पेल्यातून दारू घेऊन रस्त्यावर फिरायला परवानगी आहे, त्यामुळे आईला आश्चर्य वाटण्याआधी परता.

आठवी पायरी: दुसरा दिवस, किल्ला आणि समुद्र

सकाळी लवकर हायवे ८० ने पूर्वेला निघा. निघण्याआधी भरतीची वेळ बघा. मोठ्या भरतीला टायबी बेटाचा हा रस्ता कधीकधी पाण्याखाली जातो.

वाटेत फोर्ट पुलास्की. सह्याद्रीतले किल्ले चढलेल्या बाबांना सपाट चिखलावरचा हा पाचकोनी विटांचा किल्ला आधी फारसा भावणार नाही. सुमारे अडीच कोटी विटा, साडेसात फूट जाडीच्या भिंती, भोवती खंदक आणि उचलता पूल. अभेद्य मानला जायचा. एप्रिल १८६२ मध्ये उत्तरेच्या सैन्याने टायबी बेटावरून, मैलभराहून जास्त अंतरावरून, आतून आटे पाडलेल्या नव्या तोफांनी मारा केला आणि तीस तासांत भिंतीला भगदाड पडलं. किल्ला शरण आला, सव्हानाचं बंदर बंद झालं आणि विटांचे किल्ले बांधायचे दिवस संपले. आग्नेय कोपऱ्याकडे बाहेरून फेरी मारा. भिंतीत रुतलेले गोळे अजून दिसतात. मुलांना ज्युनिअर रेंजर या मुलांसाठीच्या उपक्रमाची पुस्तिका घेऊन द्या. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास इथे चालतो आणि १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही.

पुढे टायबी. दीपगृहाला १७८ पायऱ्या आहेत. तरुणांनी चढावं, बाकीच्यांनी वाळूत बसावं. बेटाच्या दोन्ही टोकांना प्रवाह फसवा असतो, पाण्यात उतरायचं ते जीवरक्षक असतील तिथेच.

दुपारी घराकडे वळताना वेळ उरला तर वर्मस्लो या जुन्या मळ्यावर जा. दीड मैल लांब रस्ता, दोन्ही बाजूंना चारशेहून जास्त ओक, वर फांद्यांची कमान. कुटुंबाचा सामुदायिक फोटो इथेच काढा. उशीर झाला असेल तर खुशाल सोडून द्या. आय-१६ वर अंधार पडल्यावर हरणं रस्त्यात येतात आणि पेट्रोल पंपही दूरदूर आहेत, म्हणून टाकी सव्हानातच भरून निघा.